तिचाही भाषेचा वर्ग सुरू कर

चि. बाळास,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुमचं वार्तापत्र रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं. यंदा फर्लोवर, म्हणजे मिशनच्या रजेवर, घरी न येता आणखी एक टर्म तिकडेच राहायचं ठरवलंत, हे मला बाकावर बसल्या बसल्या समजलं. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. तू बायबल स्कूलमध्ये आता दुभाष्याशिवाय शिकवतोस हे ऐकून सगळ्या मंडळीने ‘आमेन’ म्हटलं, आणि माझा ऊर भरून आला. नाताळच्या कार्यक्रमात वचन म्हणायची वेळ आली की माझ्या पदराआड लपायचास, तो तू!

सूनबाईबद्दल मात्र पत्रात एकच ओळ होती. घर आणि मुलीचा अभ्यास सांभाळते, प्रार्थनेत आठवण ठेवा. बस्स.

त्या दिवशी व्हिडिओवर बोलताना दाराची बेल वाजली, आठवतं? शेजारीण काहीतरी विचारत होती. सूनबाई नुसती हसली आणि उत्तर आपल्या चिमुरडीने दिलं. तुम्ही सगळे हसलात. मला हसू आलं नाही. कपाटावर, आरशावर, फ्रिजवर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या, त्या सगळ्या तुझ्या अक्षरातल्या. पहिलं वर्ष भाषेसाठी असतं, असं तूच सांगितलं होतंस. मग ते वर्ष तुला मिळालं आणि ती बाळाला घेऊन घरी बसली, असंच झालं ना?

हिंदुस्थानात आलेल्या मिशनरी विल्यम कॅरीचं नाव आपण केवढ्या आदराने घेतो. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून (सेरामपूर) मराठी नवा करार निघाला. पण त्यांच्या पत्नी डॉरोथीबाई आधी इकडे यायलाच तयार नव्हत्या. बहीण सोबत येणार असेल तरच, म्हणून तान्ह्या बाळाला घेऊन १७९३ मध्ये जहाजात चढल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि त्यांचं मन जे ढासळलं, ते १८०७ मध्ये डोळे मिटेपर्यंत सावरलं नाही. ते व्याकरण छापलं गेलं तेव्हाही त्या तशाच होत्या. तुझ्या बाबांच्या तोंडून कॅरींवरचे कितीतरी उपदेश ऐकले, त्यात डॉरोथीबाई क्वचितच आल्या.

तुला घाबरवायला हे लिहीत नाही. उपदेश फार झाला, रागावू नकोस. तुम्हा दोघांना देवाचं पाचारण झालं यावर माझा विश्वास आहे.

बाबांची बदली त्या डोंगराकडच्या मंडळीत झाली तेव्हा तू रांगत होतास. ते भेटी देत गावोगाव हिंडायचे, रात्री दमून यायचे, आणि मी दिवसभरात तुझ्याशिवाय कोणाशीही बोललेली नसायचे. ‘कशी आहेस’ म्हणून विचारायचे, मी ‘बरी आहे’ म्हणायचे. पाळकाच्या बायकोने दुसरं काय म्हणायचं? तिथल्या बायकांनी मला कपडे धुवायला सोबत न्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते घर माझं वाटू लागलं. त्यांचं बोलणं मी तिथेच शिकले. धाकट्याच्या वेळी त्याच माझ्याजवळ होत्या.

म्हणून सांगते, ती ‘बरी आहे’ म्हणाली की तेवढ्यावर थांबू नकोस. आठवड्यातल्या दोन दुपारी मुलीला तू सांभाळ आणि तिला शिकवायला एखादी बाई ठरव. तुझा एखादा तास मागे पडला तर पडू दे. ती शिक्षिका आहे रे, लग्नाआधी तिचा वर्ग किती गजबजलेला असायचा हे तू पाहिलंयस. बायकांच्या बायबल अभ्यासात तिला नुसतं चहापाण्यापुरतं ठेवू नका.

पुन्हा तेच लिहितेय, कळतंय मला.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, मावशी येऊन राहील, काळजी नको. सूनबाईला वेगळं पत्र लिहिलंय, ते तू उघडू नकोस. आणि वर्गाचं काय ठरलं ते मला तिच्याकडूनच कळू दे.

तुझी,
आई