फाइल नातेवाइकाच्याच काखेत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर हा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. तंबाखू सोडा, बिडी सोडा असे फलक लागतात, ते लागायलाच हवेत. पण आजार झाल्यावर कोणता डॉक्टर काय करतो, हे कुणी सांगत नाही. माझ्या मोठ्या भावाच्या आजारपणात ते मी चुकतमाकत शिकले.

अण्णांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. खोकला हटेना, एक्सरेत डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी चार महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. एक्सरेवर दोन्ही आजार सारखे दिसू शकतात, त्यामुळे अशी गल्लत अनेकांच्या वाट्याला येते. शेवटी छातीविकारतज्ज्ञांनी दुर्बीण घालून तुकडा काढला.

पुढचं सगळं ठरलं ते पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे तो तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या अहवालावर, आणि त्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही. कर्करोग आहे एवढं सांगून त्यांचं काम संपत नाही. तो कोणत्या प्रकारचा, त्यात ईजीएफआर, एएलके असे जनुकीय बदल आहेत का, हेही बघावं लागतं. धूम्रपान न करणाऱ्या भारतीय रुग्णांत ईजीएफआरचा बदल बऱ्याचदा सापडतो, आणि आजार पसरलेला असला तरी अशा रुग्णाला केमोऐवजी रोजच्या गोळीने सुरुवात करता येते. त्या तपासणीसाठी अण्णांच्या तुकड्याचा मेणातला ठोकळा एका प्रयोगशाळेतून दुसरीत मीच नेला. एसटीत ती प्लास्टिकची डबी चार तास मांडीवर घट्ट धरून बसले होते. हे काम माझं होतं का?

सर्जन म्हणाले, ऑपरेशन होणार नाही, केमोवाल्यांना भेटा. केमोवाले म्हणाले, पाठ दुखतेय ना, रेडिएशनला दाखवा. प्रत्येकाचं म्हणणं बरोबरच होतं, पण ते एकमेकांशी बोलत नव्हते. मधला निरोप्या मी. परळच्या टाटा रुग्णालयात अशा तज्ज्ञांचा गट एकत्र बसून उपचार ठरवतो. आम्ही गेलो त्या मोठ्या रुग्णालयात तशी बैठक कधी झाल्याचं आम्हाला कळलं नाही.

वेदनाशमन विभागात पाठवलं तेव्हा वहिनी जिन्यातच रडायला लागल्या. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले. खरं तर हा विभाग पहिल्या दिवसापासून सोबत हवा. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात तो लवकर जोडला, तर रुग्णाचे दिवस सुसह्य होतात, असं अमेरिकेतल्या 2010 सालच्या अभ्यासात दिसलं. त्यातले रुग्ण जगलेही थोडे जास्त. तिथल्याच एका सिस्टरांनी वहीच्या पानावर मॉर्फिनच्या वेळा लिहून दिल्या, बद्धकोष्ठ होईल म्हणून त्याचंही औषध सांगितलं आणि धाप लागली की ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडायला शिकवलं. अण्णा त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी खास प्रशिक्षित परिचारिका असतात. पुढची तपासणी कधी, अहवाल आला का, हे रुग्ण त्यांनाच विचारतो. आपल्याकडेही कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने निदानाच्या दिवशीच रुग्णाला अशी एक सिस्टर किंवा समाजसेवक नेमून द्यावा आणि त्यांचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहावा. शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयांना मान्यता देताना ही अट घालावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, परभणी