दत्ता, मी साईडपट्टी मागतोय

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

थोरलीच्या हाताचं प्लास्टर मागच्या मंगळवारी काढलं. हात बारीक झालाय, पण बोटं चालतात, पेन धरता येतं. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा, म्हणून आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला होता. वहिनींना सांग, आता काळजी नाही.

फोनवर तू विचारलंस, पडली कशी? तू गाडीत होतास, मागे हॉर्न वाजत होते, नीट बोलणं झालंच नाही. आज रविवार. अंजिरांना ठिबक चालू केलंय आणि ओट्यावर लिहायला बसलोय.

जादा तासाला सकाळी साडेसहाला निघते. थंडीच्या दिवसांत त्या वेळेला अंधारच असतो. ओढ्याचा पूल ओलांडला की समोरून दुधाची गाडी आली आणि मागून उसाची जोडट्रॉली. ट्रॉलीवाल्याने हॉर्न दिला, पोर कडेला सरली आणि पुढचं चाक डांबराच्या खाली उतरलं. उतरलं म्हणजे आदळलं. सायकल एकीकडे, ती एकीकडे. ट्रॉलीवाला पोरगा उतरून धावत आला, त्यानेच तिला उचललं, पाणी पाजलं, मला फोन लावला. त्याच्यावर राग धरून काय करू? त्यालाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन तिथं गेलो. पुलापासून मारुतीच्या देवळापर्यंत मोजत चाललो. डांबर भरतंय पावणेचार मीटर. ट्रॉलीची रुंदी अडीचच्या आसपास. म्हणजे ट्रॉली अगदी एका कडेने गेली तरी दुसऱ्याला उरतो सव्वा मीटर, आणि समोरून काही आलं तर तोही नाही. पण खरी गोम डांबराच्या कडेला आहे. खाली वाकून हात लावला, तर बहुतेक ठिकाणी चार बोटांची पायरी. पुलाजवळ माझी अख्खी वीत उभी बसली. मोटारसायकलवरून जाताना ही पायरी इतकी वर्षं मला दिसली नव्हती. माझ्या वाटेत ती कधी आलीच नव्हती.

ही पायरी का होते ते तुला सांगतो, कारण मलाही हे आत्ताच उमगलंय. रस्त्याचं काम निघालं की जुन्या डांबरावर नवा थर पडतो. चार-सहा वर्षांनी आणखी एक. रस्ता वर वर चढतो. बाजूच्या साईडपट्टीत, म्हणजे डांबराच्या कडेच्या कच्च्या पट्टीत, तेवढाच मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून ती डांबराच्या पातळीला आणायची असते. एकेरी रस्त्यावर दोन गाड्यांनी एकमेकींना जागा द्यायची ती या पट्टीवर उतरून, आणि चालणाऱ्याने चालायचं तेही तिथंच. ती पट्टी भरलीच नाही तर पावसाळ्यात कडा खचते, डांबर तुटतं, मग वेडी बाभूळ फुटते. आमच्याकडे डाव्या बाजूला पायरी आहे आणि उजव्या बाजूला बाभूळ. शाळेत पोरांना शिकवतात की समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूने चाला. त्या बाजूला काटे आहेत, चालणार कुठं?

मग बसून हिशेब केला. एका बाजूला तीन-सव्वातीन फूट रुंद पट्टी, सरासरी अर्धा फूट मुरूम, तर एका किलोमीटरला साधारण ५४ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो. तीन ब्रासचा डंपर धरला तर अठरा खेपा. दबला की थोडा जास्त लागेल. आपल्याकडे एखाद्याच्या घराच्या भरावाला यापेक्षा जास्त मुरूम जातो, दत्ता. माझ्या लेकीचा हात मोडला तो एवढ्या मुरमासाठी.

आता मुख्य गोष्ट. जिल्हा परिषदेची निवडणूक लागलीये, तुला माहीतच आहे. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभासदांची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. एवढ्या वर्षांत रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं हेच कळत नव्हतं. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि घरी यायचं. आता मात्र जिल्हा परिषदेच्या गटाचे आणि पंचायत समितीच्या गणाचे उमेदवार रोज सकाळी आपल्याच दारात येतायत. म्हणून ठरवलं, जो येईल त्याला चहा द्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. आमच्या पोरांनी शाळेला चालत किंवा सायकलवर जायचं, ते कुठून?

पहिले आले ते जुने, मुरलेले. तूही त्यांना ओळखतोस, नाव लिहीत नाही. प्रश्न ऐकला आणि लगेच म्हणाले, रस्ता दुपदरी करू, निधी आणतो. माणूस मनापासून बोलत होता. पण मी म्हटलं, आबा, रुंद केला की गाड्या जोरात जातील. पोरगी तिथंच राहील, कडेला. शिवाय रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड वडा-चिंचेवर पडते. उन्हातून चालणाऱ्याचं तेवढंच छत्र असतं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, तो मोठा रस्ता तसाही बांधकाम खात्याचा आहे, आमच्या हातात नाही. हे अर्धंच खरं आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे असतात हे बरोबर, पण आपला वाडी ते गाव हा ग्रामीण मार्ग आहे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही जिल्हा परिषदेचीच लेकरं. ज्या सभागृहात बसायला ते मतं मागतायत त्याच सभागृहाचा हा रस्ता आहे. मी तसं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, एवढं मान्य करतो.

दुसरा तरुण आहे, शिकलेला. त्याच्या मोबाईलमध्ये सायकल शर्यतीचे फोटो होते. पुणे ग्रँड टूर झाली ना आत्ता, ४३७ किलोमीटरची, परदेशातले सायकलस्वार आले होते. एक टप्पा आपल्या सासवडवरून बारामतीला गेला. थोरलीला मी मुद्दाम घेऊन गेलो होतो, प्लास्टरचा हात गळ्यात. सायकलींचा तो थवा आला तेव्हा आधी कानावर नुसती एक सळसळ आली, वाऱ्यासारखी, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे गेली. पोर कितीतरी वेळ रस्त्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, रस्ता किती गुळगुळीत केलाय. मला त्या शर्यतीचं कौतुक आहे, मनापासून. आपल्या घाटांत, आपल्या माळावर जग येऊन सायकल चालवून गेलं. पण तिच्या त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

तर तो तरुण म्हणाला, आपण सायकल ट्रॅक करू, देवळापासून शाळेपर्यंत, दिवे लावून. मला त्याची हौस आवडली. पण देवळापासून शाळा जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि पोरं येतात साडेतीन-चार किलोमीटरवरून, वाड्यावस्त्यांवरून. मी विचारलं, उरलेले तीन किलोमीटर? म्हणाला, टप्प्याटप्प्याने. दत्ता, पहिला टप्पा तो घ्यावा जिथं पोरं पडतात, असं मी त्याला सांगितलं. फोटो जिथं चांगला येतो तिथून सुरुवात करू नकोस. त्याला वाईट वाटलं असेल. पण दोन दिवसांनी तो परत आला आणि टेप मागून घेऊन गेला. म्हणून त्याच्याबद्दल मला आशा आहे.

गणाच्या जागेला उभ्या असलेल्या ताईंचं मात्र तुला सविस्तर सांगतो. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी मलाच विचारलं, पोरं किती वाजता निघतात? दुसऱ्या दिवशी सव्वासहाला एकट्या आल्या, अंगावर शाल, हातात बॅटरी, बरोबर कार्यकर्ते नाहीत, पत्रकं नाहीत. आमच्या वाडीतल्या सात पोरी आणि चार पोरं, त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत गेल्या. मीही मागे होतो. पुलावर थांबल्या. एका बाजूचा कठडा पुरात गेलाय तो तसाच आहे, तिथं बॅटरी मारून खाली बघितलं. त्या म्हणाल्या, मी याच वाटेने सातवीपर्यंत चालले. पुढं वडिलांनी पाठवलं नाही, वाट लांब आणि एकटी होती म्हणून. हे त्यांनी भाषणासारखं सांगितलं नाही. चालता चालता बोलून गेल्या.

मला तेव्हा बिहारची गोष्ट आठवली. तिथं २००६ पासून सरकारने नववीच्या मुलींना सायकली दिल्या. पुढं अभ्यासकांनी तपासलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं होतं, आणि शाळा लांब असलेल्या गावांत त्याचा गुण जास्त आला होता. आपल्या जिल्हा परिषदाही महिला व बालकल्याणमधून मुलींना सायकली देतात. चांगलीच गोष्ट आहे. पण थोरली पडली तेव्हापासून आमच्या वाडीतल्या दोन पोरींच्या सायकली घरात उभ्या आहेत. आयांनी कुलूप लावलंय. सायकल मिळाली, ती चालवायला वीतभर जागा मिळाली नाही.

ताईंनी मला खोटं आश्वासन दिलं नाही. म्हणाल्या, दादा, पंचायत समितीच्या सभासदाच्या हातात पैसा फार थोडा असतो, पण पाठपुरावा मी करीन. साईडपट्टीचा मुरूम, पुलाचा कठडा, वाकलेली बाभूळ आणि एसटीचा थांबा वळणावरून पन्नास पावलं मागे, एवढं त्यांनी स्वतःहून मोजलं. ठेकेदाराचा पाच वर्षांचा देखभालीचा करार संपलाय का ते बघायला रस्त्यावरची पाटी शोधली. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला अशी देखभाल करारातच असते, साईडपट्ट्या आणि झुडपं काढणं त्यातच येतं. पाटी सापडली, पण बाभळीत, आणि तारीख गंजून गेलेली.

एका गोष्टीला मात्र त्यांनी बगल दिली. आपली जुनी पाणंद आठवते ना, जिच्यातून आपण दोघं चिंचा पाडत शाळेला जायचो? ती मोकळी झाली तर पोरांना या डांबरी रस्त्यावर यायचंच कारण नाही, दीड किलोमीटर वाचतं. नकाशावर ती आहे. तहसीलदारांकडे मामलतदार कोर्ट अ‍ॅक्टखाली अर्ज केला तर अडथळा काढता येतो, कायदा १९०६ सालचा आहे. पण अडवलीये ती ताईंच्या भावकीनेच. मी विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, ते निवडणुकीनंतर बघू. मला ते लागलं. मत मी त्यांनाच देणार आहे बहुतेक, पण हे त्यांना परत एकदा विचारणार आहे, आणि तेही मतदानाच्या आधी.

लोक मला म्हणतात, पाण्याचं बोला, विमानतळाचं बोला, हे साईडपट्टीचं काय घेऊन बसलात. दत्ता, २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. पाचातला एक. आणि एकूण मृत्यूंतले निम्म्याहून कितीतरी जास्त ग्रामीण भागातले. ही आपलीच माणसं आहेत. बाजाराला निघालेली म्हातारी, शेतातून परतणारी बाई, शाळेचं पोर.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. पालखी मार्गाचं काम निघालं तेव्हा आराखड्यातच वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेने वेगळा चालण्याचा मार्ग धरला. दिवे घाट चढून माउली येतात, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा करत पुढं जातात, त्या पायांचा विचार सरकारने केला आणि योग्यच केलं. मी दरवर्षी वाल्ह्यापर्यंत चालतो, मला माहीत आहे चालणाऱ्याला काय लागतं. आमच्या वाडीतली अकरा पोरं रोज चालतात, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस. त्यांच्यासाठी एक मीटर मुरूम मागतोय मी.

तुझं नाव अजून आपल्याच यादीत आहे, वहिनींचंही. आदल्या दिवशी संध्याकाळीच या, मुक्कामाला. पहाटे सहाला तुला उठवणार आहे. मतदान केंद्र शाळेतच आहे, तिथवर आपण चालत जाऊ, गाडी घरी ठेवायची. तो जुना आबा तुझं ऐकतो, तुझ्या वडिलांचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. त्यांना त्या आधी एकदा फोन कर आणि ५४ ब्रासचा हिशेब तूच सांग.

येताना तिकडून लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्टीची दोन मोठी बंडलं आण. एक पोरांच्या सायकलींना आणि दप्तरांना. दुसरं ट्रॉल्यांच्या मागे लावायचं, त्या ट्रॉलीवाल्या पोराशी बोललोय, तो त्याच्याबरोबरच्या चौघांना घेऊन येतो म्हणालाय.

थोरली सोमवारपासून परत सायकलवर जाणार म्हणते. तिची आई नको म्हणतेय. मी अजून काही बोललो नाही.

तुझा,
नाना