चिडी म्हणजे आपली फटफटीच

तार्तू, एस्टोनिया
१४ मार्च

प्रिय दिग्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. "नावाहो अवघड की एस्टोनियन, एका ओळीत सांग," असं विचारलं आहेस. एका ओळीत सांगायचं तर मला दोन्ही येत नाहीत. पण अमेरिकेत, नावाहो आदिवासींच्या मुलखाशेजारच्या फ्लॅगस्टाफमधली तीन वर्षं आणि इथली दोन, एवढ्या काळात कानावर पडून जे उरलंय ते लिहितो. मुहूर्तही बरा आहे. आज इथला मातृभाषा दिन, १८०१ साली जन्मलेल्या क्रिस्त्यान याक पेटरसन या कवीचा वाढदिवस. सकाळपासून निळे-काळे-पांढरे झेंडे लागलेत. आपल्या २७ फेब्रुवारीसारखंच, फक्त फॉरवर्ड कमी.

एस्टोनियनमध्ये चौदा विभक्त्या आहेत. हे ऐकून इंग्रजांना घाम फुटतो, आपल्याला फुटायचं कारण नाही. घराला 'माया' म्हणतात (किती छान!). मग मायास म्हणजे घरात, मायास्त म्हणजे घरातून, मायानी म्हणजे घरापर्यंत. आपण जन्मभर दुसरं काय करतो? कॅफेत मी रोज 'कोह्व पीमागा, सुहक्रुता' मागतो, म्हणजे दुधासकट, साखरेविना कॉफी. भविष्यकाळाला वेगळं रूप नाही, 'उद्या येतो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तो-ती-तेचा घोळ नाही, सगळ्यांना एकच 'ता'. नावाहोतही सर्वनामाला लिंग नाही. या एका बाबतीत दोघी बहिणी शोभतात, आणि टेबल 'तो' की 'ते' यावर भांडणारे आपण उगाच अवघड ठरतो.

माझी खरी फजिती होते ती लांबीत. आपल्याकडे दिन आणि दीन, ऱ्हस्व-दीर्घ, खेळ खलास. यांच्याकडे तीन पायऱ्या. सदा म्हणजे शंभर, सादा म्हणजे पाठव, आणि साऽदा म्हणजे मिळणं. शेवटचे दोन लिहायला अगदी एकसारखे. घरमालकाला 'शंभर पाठवतो' हे सांगताना मी नक्की काय बोललो देव जाणे, पण तो बराच वेळ हसत होता.

नावाहोत लांबी आहेच, वर सूरही आहे. तोंडाला आणि औषधाला जवळजवळ एकच शब्द, सूर चढला की तोंड, उतरला की औषध. पण खरी गंमत क्रियापदात. एस्टोनियन आपलं सगळं ओझं नामाच्या शेपटीला बांधते, नावाहो ते क्रियापदाच्या डोक्यावर पुढून रचत जाते. कर्ता, कर्म, कसं, किती वेळा, सगळं त्या एका शब्दात. शिवाय वस्तू हाताळायची म्हटली की तिच्या घडणीप्रमाणे क्रियापद बदलतं, असे अकरा प्रकार. चेंडू दे, दोरी दे, काठी दे, चिखल दे, वाडग्यातलं पाणी दे, प्रत्येक 'दे' वेगळा. वेडेपणा वाटतो ना? मग ऐक: आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. हे एखाद्या नावाहो माणसाला समजावून बघ, तो तुला गळामिठी मारेल.

उसने शब्द घ्यायला त्यांना फारसं आवडत नाही. मोटारगाडी म्हणजे 'चिडी', इंजिनाच्या आवाजावरून. आपली फटफटी! रणगाड्याला मात्र 'वर तोफा बसवलेली सरपटणारी चिडी' अशा अर्थाचं लांबलचक नाव आहे. १९४२ साली अमेरिकी मरीन दलाने २९ नावाहो तरुणांकडून सांकेतिक भाषा बनवून घेतली, तेव्हा लढाईत एवढा वेळ कुणाला, म्हणून रणगाड्याचं केलं 'कासव'. इथे तार्तूत योहानेस आविक नावाच्या गृहस्थाने तिसरीच वाट धरली. शस्त्राला शब्द हवा? 'रेल्व'. पटवून देण्याला? 'वेनमा'. सरळ हवेतून काढले. सावरकरांनी 'महापौर' दिला तो निदान संस्कृतच्या कणगीतून. आविकचे शब्द आज पोरं बिनदिक्कत वापरतात आणि मला त्याचा हेवा वाटतो.

नावाहोंची भूमी जवळपास ७१,००० चौरस किलोमीटर, अख्खा एस्टोनिया ४५,०००. पण एस्टोनियन बोलणारे अकरा लाख, नावाहो बोलणारे दीड-पावणेदोन लाख. इथलं विद्यापीठ १६३२ चं, पण त्यात एस्टोनियनमधून शिकवायला लागले १९१९ साली, देश स्वतंत्र झाल्यावर. पुढे सोव्हिएत राजवट आली तरी शाळा एस्टोनियनच राहिल्या. तिकडे १८६४ साली अमेरिकी लष्कराने नावाहोंना शेकडो मैल पायी हाकलत नेलं. १८६८ च्या तहाने आपल्या मुलखात परत येऊ दिलं, पण त्याच तहात कलम होतं की पोरांना इंग्रजी शाळेत घालायचं. त्या निवासी शाळांत नावाहो बोललं की साबणाने तोंड धुवायचे. (सूर चढवून म्हण किंवा उतरवून, औषध ते नव्हेच.) मग त्याच भाषेसाठी लष्कर दारात आलं.

नावाहो मुलखाशेजारच्या गॅलप गावचा शनिवारचा बाजार मला अजून आठवतो. मटणाच्या रश्श्याच्या गाडीमागे एक आजी ताडपत्री बांधत होती. नातवाकडे न बघता हात पुढे करून काहीतरी म्हणाली. पोराने खोकं आणून दिलं. आजीने तेच पुन्हा म्हटलं. पोराने इंग्रजीत विचारलं, 'कुठलं खोकं?' शेवटी बापाने दोरी नेऊन दिली. मला म्हणाला, 'तिने दोरीचं नाव घेतलंच नव्हतं. तिचा "दे" लांब, लवचिक वस्तूचा होता. मला कळतो, ह्याला कळत नाही.' परतताना गाडीत विंडो रॉकचं ६६० नंबरचं रेडिओ स्टेशन लावलं, नावाहोत काहीतरी जाहिराती चालू होत्या. मला त्यातलं फक्त 'चिडी' कळलं.

परवा सई फोनवर माझ्या आईला म्हणाली, "आजी, लग्नाला कुठली साडी घातलीस?" आई म्हणाली, "नेसले गं." सई "हो तेच," म्हणाली, आणि दोघी मेथीच्या भावावर बोलायला लागल्या.

वहिनींना नमस्कार. पुढचं पत्र तू आधी टाक.

तुझा,
बाळ्या