विकत घेतलेला आवाज परत द्या: टेप-इको प्लगइनच्या सक्तीच्या अपडेटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
अधिकृत वितरक कार्यालय, मुंबई

विषय: टेप-इको प्लगइनची जुनी आवृत्ती न विचारता काढून टाकल्याबद्दल, नव्या आवृत्तीतील दोषांबद्दल आणि जुनी आवृत्ती परत मिळण्याबद्दल.

महोदय/महोदया,

तुम्ही भारतात ज्या कंपनीचे प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्राम) विकता, तिच्या टेप-इकोचा, म्हणजे जुन्या टेपयंत्रासारखा विरत जाणारा प्रतिध्वनी देणाऱ्या प्लगइनचा, कायमस्वरूपी परवाना मी तुमच्याकडून जीएसटीसह रक्कम भरून घेतला आहे. पावती सोबत जोडली आहे. कंपनीच्या इन्स्टॉलर ॲपने माझ्या संगणकावरची या प्लगइनची दुसरी आवृत्ती परस्पर काढली आणि तिच्या जागी तिसरी बसवली. तेव्हापासून माझ्या जुन्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्या इकोचा आवाज बदलला आहे. दुसरी आवृत्ती परत मागितली, तर ती आता देता येत नाही असं ग्राहक सेवेने कळवलं. हे मला मान्य नाही.

मी नाटकांसाठी आणि नृत्याच्या कार्यक्रमांसाठी संगीत करते. हलगी, संबळ अशी वाद्यं स्टुडिओत रेकॉर्ड करायची आणि सिंथेसायझर, सॅम्पलर व इफेक्ट वापरून त्यांच्याभोवती इलेक्ट्रॉनिक संगीत उभं करायचं, असं माझं काम असतं. एका नाटकाचं संगीत मी पूर्वी केलं होतं. त्या संस्थेने आता ते नाटक नव्या संचात पुन्हा उभं करायला घेतलं आहे. दिग्दर्शकांनी काही जागा आटोपशीर करायला सांगितल्या, म्हणून जुना प्रोजेक्ट उघडला. त्यात एक प्रवेश असा आहे: हलगी एकाएकी थांबते, अंधारात फक्त तिचा इको उरतो, तो विरत जातो आणि विरण्याच्या बेतात असताना नटाचं पहिलं वाक्य येतं. इको किती वेळ चालावा हे त्या नटाच्या चालीवर बेतलेलं होतं. नव्या आवृत्तीत तो इको विरतच नाही. वाक्य सुरू होतं, संपतं, पुढचं सुरू होतं, तरी हलगी मागे वाजतच राहते. मी एकही बटण हलवलेलं नाही. पडद्यावर आकडे जुनेच दिसतात, ऐकू येतं ते वेगळंच.

हा माझ्या कानांचा भास नाही, हे मी मोजून पाहिलं आहे. माझ्या एका मित्राच्या संगणकावर तुमची दुसरी आवृत्ती अजून आहे, कारण ती बसवल्यानंतर त्याने तो संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. दोन्हीकडे एकच सेटिंग ठेवून मी अगदी हलका एक टिचका त्यातून पाठवला आणि प्रत्येक पुनरावृत्तीला पातळी किती उतरते ते पाहिलं. टिचका हलका यासाठी, की टेपचं सॅच्युरेशन, म्हणजे मोठ्या आवाजावर टेपमुळे येणारी विकृती, मधे येऊ नये. फीडबॅकच्या (इकोचा किती भाग फिरून पुन्हा आत जातो, त्याच्या) त्याच आकड्यावर जुन्या आवृत्तीत दर फेरीला आवाज 0.90 पट होतो, नव्या आवृत्तीत 0.95 पट. वाचताना फरक किरकोळ वाटेल, पण इकोमध्ये हा गुणाकार प्रत्येक फेरीला होत जातो. आवाज 60 डेसिबलने खाली यायला, म्हणजे जवळजवळ ऐकू येईनासा व्हायला, जुन्या हिशेबात सुमारे 66 फेऱ्या लागतात, नव्या हिशेबात सुमारे 135. माझा तुकडा 128 बीपीएमचा (मिनिटाला 128 ठोके) आहे आणि इको डॉटेड आठव्या मात्रेवर (पाऊण ठोक्यावर) लावलेला आहे, म्हणजे एक फेरी जवळपास 352 मिलिसेकंदांची. पूर्वी 23 सेकंदांत विरणारा आवाज आता 47 सेकंद रेंगाळतो. रंगमंचावर हा काळ फार मोठा असतो.

दुसरा फरक स्वराच्या रंगाचा आहे. दोन्ही आवृत्त्यांवरून तोच तुकडा काढला, एकाचा फेज उलटा केला, म्हणजे त्याची ध्वनिलहर वरची खाली अशी पालटली, आणि दोन्ही एकत्र वाजवले. आवाज सारखे असते तर शांतता मिळायला हवी होती. टेपची डुलणी, म्हणजे वॉव आणि फ्लटर, मी शून्यावर ठेवली होती, त्यामुळे तिच्यामुळे फरक पडला असंही म्हणता येणार नाही. तरीही मागे भरपूर आवाज उरला, आणि तो मुख्यतः वरच्या पट्टीतला. तुमच्या अपडेटच्या टिपणात लिहिलं आहे की तिसऱ्या आवृत्तीत सॅच्युरेशनला चौपट ओव्हरसॅम्पलिंग दिलं आहे, म्हणजे तेवढ्यापुरती ध्वनीची मापं (सॅम्पल) चौपट घेतली आहेत. ते कशासाठी देतात हे मला ठाऊक आहे. 48 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या, प्रोजेक्टमध्ये त्याच्या निम्म्याच्या, 24 किलोहर्ट्झच्या, वरचं काही मावत नाही. 7 किलोहर्ट्झच्या स्वराचा सॅच्युरेशनमुळे तयार होणारा पाचवा हार्मोनिक (पाचपट कंप्रतेचा उपस्वर) 35 किलोहर्ट्झला जातो, तिथे जागा नसते, म्हणून तो उलटून 13 किलोहर्ट्झवर येऊन पडतो आणि स्वराशी न जुळणारी खरखर तयार होते. ती काढणं हे चांगलं काम आहे, आणि नव्या कामासाठी मी कदाचित तीच आवृत्ती वापरली असती. पण हलगीच्या कडक ठोक्याला त्या खरखरीनेच धार आली होती. ती ऐकून, आवडून, मी बाकीचं मिश्रण तिच्याभोवती बसवलं होतं. ते काम पूर्ण झालं, संस्थेने स्वीकारलं, प्रयोग झाले. ते आज कोणी सुधारून मागितलेलं नाही.

पेटी सूर लावायला दिली आणि कारागिराने न विचारता सगळ्या पट्ट्या बदलून 'आता जास्त गोड वाजते' असं सांगितलं, तर वादक ती घेऊन मैफलीला बसू शकेल का? तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर मला असंच वाटलं. आधी स्वयंचलित पोच आली. मग कॅशे पुसा, प्लगइन पुन्हा बसवा, असं सांगण्यात आलं. ते केलं, उपयोग झाला नाही. शेवटी लिहून आलं की नव्या आवृत्तीचा आवाज 'अधिक उबदार आणि स्वच्छ' आहे. माझा प्रश्न कोणता आवाज चांगला हा नव्हताच.

तिसरी गोष्ट मात्र आवडीनिवडीची नाही, ती सरळ चूक आहे. नव्या आवृत्तीला आत काम करायला 1,024 सॅम्पल लागतात, म्हणजे 48 किलोहर्ट्झला 21 मिलिसेकंदांहून थोडे जास्त. इतका उशीर लागायला हरकत नाही. प्लगइनने तो उशीर होस्टला, म्हणजे तो ज्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये चालतो त्याला, कळवायचा असतो, मग होस्ट बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे ठेवून सगळं जुळवून घेतो. तुमचा प्लगइन होस्टला शून्य सांगतो. माझ्याकडे हलगी जवळच्या आणि लांबच्या अशा दोन माइकवर आहे आणि इको फक्त जवळच्या ट्रॅकवर इन्सर्ट केलेला आहे, म्हणजे तो पूर्ण ट्रॅक त्यातूनच जातो. त्यामुळे आता प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, आधी लांबचा आणि मागून जवळचा. हलगी वाजवणाऱ्या दादांनी ते ऐकलं आणि 'हे मी असं वाजवलं नव्हतं' म्हणाले. ते खरंच आहे. त्यांचा हात इतका नेमका आहे की त्यांच्या वादनावर असा डाग लागलेला मला चालणार नाही. सध्या मी तो ट्रॅक हाताने पुढे सरकवून काम चालवते आहे, पण प्लगइनची नवी दुरुस्ती आली की ते गणितही बिघडणार.

ऑटोमेशनचंही, म्हणजे बटणांची हालचाल प्रोजेक्टमध्ये रेघेच्या रूपात नोंदवून ठेवण्याचंही, तेच. फीडबॅकची रेघ मी फेडरवर बोट ठेवून, तुकडा ऐकत ऐकत लिहिली होती. 1970च्या दशकात जमैकात किंग टबी आणि ली पेरी यांनी इकोचा फीडबॅक हाताने वर-खाली करत मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य बनवलं. आज टेक्नोपासून आपल्याकडच्या डीजे मिक्सपर्यंत सगळे त्याच वाटेने इको वाजवतात. ती रेघ म्हणजे वादन असतं. तुमच्या नव्या आवृत्तीत पॅरामीटरचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे माझी फीडबॅकची रेघ आता डकिंगच्या (मूळ आवाज चालू असताना इको दाबणाऱ्या) बटणाला जोडली गेली आहे. फीडबॅक एका जागी गोठून राहतो आणि डकिंग विनाकारण वर-खाली होत राहतं. घरच्या स्पीकरवर हे लक्षात आलं ते बरं झालं. उलटं झालं असतं, म्हणजे दुसऱ्याच कशाची रेघ फीडबॅकवर येऊन तो एकच्या पुढे गेला असता, तर नाट्यगृहाच्या पीएवर (ध्वनिक्षेपकांवर) आवाज वाढतच राहिला असता आणि प्रेक्षकांच्या कानांना इजा होऊ शकली असती.

हे सगळं टाळणं कंपनीला अजिबात अवघड नव्हतं. होस्ट प्लगइनला त्याच्या ओळख क्रमांकावरून शोधतो. तिसऱ्या आवृत्तीला नवा ओळख क्रमांक दिला असता, तर दोन्ही आवृत्त्या एका संगणकावर शेजारी शेजारी राहिल्या असत्या, जुने प्रोजेक्ट जुन्यावर उघडले असते. फॅबफिल्टर ही प्लगइन कंपनी हेच करते: तिचे प्रो-क्यू 2 आणि प्रो-क्यू 3 हे वेगळे प्लगइन म्हणून बसतात आणि 2 वर केलेलं काम 2 वरच उघडतं. तेही जमत नसेल तर आत 'जुना आवाज' असा एक पर्याय ठेवता येतो. तुम्ही तोच ओळख क्रमांक ठेवून आतला आवाज बदलला, त्यामुळे होस्टने कसलीही सूचना न देता नवा प्लगइन जुन्याच्या जागी उघडला.

ज्या यंत्राची नक्कल म्हणून हा प्लगइन विकला जातो, त्या जातीचं रोलँडचं आरई-201 हे 1974 मध्ये बाजारात आलं. त्यातली टेप झिजते, बदलावी लागते, मोटरला तेलपाणी लागतं. पण नीट सांभाळलेली अशी यंत्रं आजही स्टुडिओंमध्ये चालतात आणि मालकाला न विचारता त्यांच्या आतलं सर्किट कोणी बदलत नाही. प्लगइन हे सॉफ्टवेअर आहे, नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते चालावं म्हणून बदल करावे लागतात, हे मी समजू शकते. माझ्या बाबतीत तसं काहीच घडलेलं नाही. माझ्या मित्राचं विंडोज आणि माझं विंडोज एकच आहे, आणि त्याच्याकडे दुसरी आवृत्ती व्यवस्थित चालते आहे.

सगळ्यात जास्त राग मला ग्राहक सेवेच्या अखेरच्या ओळीचा आला. तिथे सुचवलं आहे की मासिक सबस्क्रिप्शन घेतलं तर जुन्या आवृत्त्यांचं दालन उघडतं. म्हणजे दुसरी आवृत्ती तुमच्याकडे आहे, ती देता येते, फक्त ज्याने तिचे पूर्ण पैसे भरले त्याला नाही. मार्च 2023 मध्ये वेव्हज या प्लगइन कंपनीने कायमस्वरूपी परवाने विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवल्याचं जाहीर केलं होतं. ग्राहक इतके संतापले की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. तिथे निदान प्रश्न पुढच्या विक्रीचा होता. इथे माझी आधीच झालेली खरेदी माझ्या हातून काढून मला पुन्हा भाड्याने देऊ केली जाते आहे.

'तुम्ही बॅकअप ठेवायला हवा होता' असंही एका उत्तरात आहे. माझ्या प्रत्येक प्रोजेक्टचा, प्रत्येक रेकॉर्डिंगचा बॅकअप दोन ठिकाणी आहे. प्लगइनचा इन्स्टॉलर मात्र तुमच्या ॲपमधूनच उतरतो, वेगळी फाइल ग्राहकाला मिळतच नाही, आणि परवाना पडताळायला पुन्हा तुमचाच सर्व्हर लागतो. जी वस्तू तुम्ही माझ्या हातात दिलीच नाही तिची प्रत मी कुठून ठेवणार? तयार स्टेम (वाद्यांचे वेगवेगळे काढलेले ध्वनिट्रॅक) माझ्याकडे आहेत, पण त्यांत इको ध्वनीत मिसळून गेला आहे. नव्या संचासाठी जागा कमी-जास्त करायच्या तर मूळ प्रोजेक्टच लागतो.

कायद्याचंही लिहून ठेवते, म्हणजे पुढे अडचण नको. मी हा प्लगइन स्वतःच्या रोजगारासाठी, स्वतः वापरण्यासाठी घेतला आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी ग्राहक ठरते. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. त्यांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणं आणि एका महिन्यात तक्रारीचं निवारण करणं बंधनकारक आहे. विदेशी कंपनीच्या धोरणाकडे बोट दाखवून तुम्हाला मोकळं होता येणार नाही. पैसे तुम्ही घेतले आहेत.

माझी मागणी स्पष्ट आहे. दुसऱ्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आणि तिचा ऑफलाइन चालणारा परवाना मला द्या, कोणत्याही सबस्क्रिप्शनशिवाय. नाटकाच्या तालमी सुरू आहेत, म्हणून हे आधी हवं आहे. तिसऱ्या आवृत्तीत उशिराची माहिती होस्टला बरोबर जाईल आणि पॅरामीटरचे क्रमांक पूर्ववत होतील अशी दुरुस्ती कधी येणार, याची तारीख कंपनीकडून लेखी घ्या. इन्स्टॉलर ॲपमधलं आपोआप होणारं अपडेट ग्राहकाने परवानगी दिल्याशिवाय चालू राहू नये. जुनी आवृत्ती देणं शक्यच नसेल, तर मी भरलेली संपूर्ण रक्कम परत करा. पण पैसे परत देऊन माझा जुना प्रोजेक्ट उघडणार नाही, हे ध्यानात ठेवा. मला पैशांपेक्षा ती आवृत्ती हवी आहे.

मुदतीत निवारण झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागेन. कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

मोजणीसाठी वापरलेल्या फाइल्स सोबत आहेत. तुमच्या अभियंत्यांनी त्या स्वतः वाजवून पाहाव्यात. कुणाला फोनवर बोलायचं असेल तर मी कधीही बोलायला तयार आहे.

कळावे,
आपली,
संगीत संयोजक व ध्वनी संकल्पक, कोल्हापूर

सोबत: खरेदीची पावती, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार, दोन्ही आवृत्त्यांवरून काढलेले ध्वनिनमुने, फेज उलटून केलेल्या चाचणीची फाइल.