सुरू होत नाही म्हणून दिला, फॉरमॅट होऊन परत आला

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५
सदाशिव पेठ, पुणे ३०

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतल्या लॅपटॉपचं चुकीचं निदान आणि त्यापोटी घेतलेले १,१८० रुपये

महोदय,

गेल्या पाडव्याला, २ नोव्हेंबर २०२४ रोजी, मी तुमच्या कंपनीचा लॅपटॉप घेतला. मी घरून डीटीपीची कामं करते आणि सध्या दिवाळी अंकांची पानं लावण्याचे दिवस आहेत. २८ ऑगस्टला, म्हणजे गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बटण दाबलं तर पॉवरचा दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच. तुमचा लोगोसुद्धा आला नाही. कॅप्स लॉकचा दिवा तेवढा ठराविक लयीत लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा तसाच लुकलुकायचा.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितलं ते सगळं केलं. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह काढून बटण ३० सेकंद दाबून धरलं. एचडीएमआयची केबल लावून टीव्हीला जोडला, तिथेही ‘नो सिग्नल’. खोलीत अंधार करून स्क्रीनवर टॉर्च मारला, पुसट अक्षरंही दिसली नाहीत. त्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि ‘हार्डवेअर असू शकतं, सेंटरला दाखवा’ म्हणाली. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी बॅग स्कूटरवर पायाशी ठेवून सेंटर गाठलं. काउंटरवर बटण दाबलं आणि लॅपटॉप शहाण्या मुलासारखा सुरू झाला! काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, चालतोय की. विंडोज करप्ट असणार.” मी म्हटलं, अहो, घरी लोगोच येत नव्हता. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्याने पहिले दहा सेकंद पाहिला आणि मोबाइल परत दिला. जॉबकार्डवर त्याने ‘सॉफ्टवेअर इश्यू’ एवढंच लिहिलं. ते मी घरी येऊन वाचलं, ही माझी चूक.

विसर्जनाच्या गर्दीनंतर, ८ सप्टेंबरला लॅपटॉप परत मिळाला. डिस्क कोरी, विंडोज नवीन, हातात १,१८० रुपयांचं बिल : १,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ या ओळीखाली माझी सही आहे, ती मी नाकारत नाही. बॅकअप होता, पण बुधवारचा नव्हता. दोन फर्म्यांच्या, म्हणजे छपाईला एकत्र जाणाऱ्या पानांच्या दोन संचांच्या, दुरुस्त्या गेल्या. लाल पेनाने खुणा केलेली प्रुफं नशिबाने टाकून दिली नव्हती, म्हणून दोन रात्री बसून पुन्हा घातल्या. पण डिस्क पुसण्याआधी एक फोन करायला हवा होता की नाही?

आणि मुळात डिस्क पुसलीच का? बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःची तपासणी करतं, त्यात मेमरी शोधतं. ती सापडली तर पुढे स्क्रीनवर लोगो येतो आणि त्यानंतर डिस्कवरचं विंडोज सुरू होतं. लोगोच्याही आधी अडकलेल्या मशीनला फॉरमॅट मारणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली घासत बसणं. हे तुमच्या माणसांना मी सांगायला नको होतं.

११ सप्टेंबरला पुन्हा तोच काळा पडदा आणि तोच लुकलुकणारा दिवा. या वेळी तापकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने काही न उघडता दिव्याची लय दोनदा मोजली, तुमच्याच वेबसाइटवरचा तक्ता काढला आणि म्हणाला, “रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, नाहीतर ती बसते तो स्लॉट. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत ना? एकेक काढून, जागा बदलून लावायच्या, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट ते कळतं. पाव तासाचं काम आहे. पण ताई, वॉरंटीत आहे, मी स्क्रूला हात लावणार नाही.” पैसे घेतले नाहीत. काउंटरवर लॅपटॉप कसा सुरू झाला, तेही मग उमगलं. सैल बसलेली पट्टी वाटेतल्या खड्ड्यांनी जागेवर बसवली असणार. पुण्याच्या रस्त्यांचा एवढा उपयोग मला पहिल्यांदाच झाला.

१२ तारखेला हे सगळं सेंटरला जाऊन सांगितलं. उत्तर मिळालं, “परत एकदा फॉरमॅट मारून बघू.” मी लॅपटॉप उचलून घरी आणला. तो आता शिलाई मशीनवर बंद पडून आहे आणि मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर काम करते आहे.

माझं म्हणणं इतकंच : लॅपटॉप उघडून दोन्ही पट्ट्या आणि दोन्ही स्लॉट वेगवेगळे तपासा. पट्टी खराब असेल तर पट्टी, स्लॉट खराब असेल तर मदरबोर्ड वॉरंटीत बदलून द्या आणि खरा बिघाड जॉबकार्डवर लिहा. डिस्कला हात लावू नका. १,१८० रुपये परत करा. वॉरंटी १ नोव्हेंबरला संपते आहे. ही तक्रार त्याआधीची आहे, याची लेखी पोच द्या.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. मी इथे राहते, म्हणून इथेच तक्रार करता येते, आणि ५ लाखांच्या आतल्या वस्तूला फी लागत नाही. लॅपटॉप पोटापाण्याच्या कामासाठी घेतला म्हणून मी ग्राहक ठरत नाही, असं कृपया कळवू नका. स्वयंरोजगाराला कायद्याने सूट आहे.

सोबत बिल, जॉबकार्ड आणि व्हिडिओ आहे. व्हिडिओ कृपया दहा सेकंदांच्या पुढे पाहावा. दिवा त्यानंतर लुकलुकायला लागतो.

आपली,
(नाव व फोन नंबर बिलावर आहे)