उपचारानंतरची ऑनलाइन साथ

संपादक महोदय,

कॅन्सरचे उपचार संपताच अनेक तरुण कॉलेज किंवा नोकरी पूर्णवेळ सुरू करतात आणि काही आठवड्यांतच कोलमडतात. हा थकवा झोप काढून जात नाही, कित्येकदा महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून अशा तरुणांच्या ऑनलाइन मदतगटाची बैठक पाऊण तासात आटोपावी, कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असावी. केमोथेरपीनंतर अनेकांना ऐकलेले विसरायला होते. मुद्दे लिहून पाठवावेत. कॉलेजला किंवा ऑफिसला द्यायच्या सवलतीच्या अर्जाचा मसुदाही तिथेच करावा, हे सर्वांत उपयोगी. नुसते ‘सवलत मिळावी’ लिहून काही हलत नाही. ‘पहिले चार आठवडे अर्धा दिवस, दर तासाला दहा मिनिटे विश्रांती, तपासणीच्या दिवशी हजेरीत सूट’ असे नेमके मागितले की प्राचार्यांना, वरिष्ठांना होकार देणे सोपे जाते. आजाराविषयी किती सांगायचे, ते मात्र त्या तरुणानेच ठरवावे.

– एक समुपदेशक