मेन स्विचच्या कुलपाची किल्ली आमच्या खिशात असू द्या : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नेटवर्क बसवतो. रॅक (नेटवर्कची यंत्रे ठेवायचे लोखंडी कपाट) उभा करणे, केबल ओढणे, छताला वायफायचे डबे लावणे हे माझे रोजचे काम. लोक याला ‘कमी व्होल्टेजचं काम’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वीजजोडणीला जाणकार वायरमन लागतो, हे सगळ्यांना पटते. नेटवर्कवाल्या पोराला मात्र हातात क्रिंपर (केबलच्या टोकाला पिन बसवायची पक्कड) दिला की थेट फॉल्स सीलिंगमध्ये चढवतात.

आमच्या डेटा केबलमधून जाणारा पुरवठा साधारण 48 व्होल्ट डीसीचा. त्याची भीती नाही. पण ती केबल जिथून न्यायची, तिथे दिव्यांची लाइन उघड्या जोडांसकट पडलेली असते. छताच्या लोखंडी पट्ट्या त्याच जोडांना टेकलेल्या असतात, आणि आम्ही ॲल्युमिनियमच्या शिडीवर, घामेजल्या हातांनी.

एका कामावर मी स्वतः एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा स्विच, पाडून वर चढलो होतो. खाली कुणाला तरी अंधार वाटला, त्याने जाऊन तो वर केला. झटका बसून मी शिडीवरून पडलो, मनगट मोडले. ज्याने एमसीबी उचलला त्याला मी दोष देत नाही. छतात माणूस आहे हे त्याला कळायला तिथे ना पाटी होती, ना कुलूप.

रॅकची गोष्ट तर याहून फसवी. मेन पाडला तरी अर्धी यंत्रे यूपीएसच्या बॅटरीवर चालूच राहतात. तो बसवलेलाच त्यासाठी असतो. शिवाय प्रत्येक यंत्राच्या वीजपुरवठ्यातल्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थिंगकडे झिरपत असतो. एका यंत्राचा धरला तर एखाद-दोन मिलिअँपियर, कुणाच्या खिजगणतीतही नसलेला. पण एका रॅकमध्ये वीस यंत्रे असली आणि अर्थची सामाईक वायर निसटली, तर ती सगळी बेरीज पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून जायला बघते. यात एकही यंत्र बिघडलेले नसते! माणूस वाचवण्यासाठी लावतात तो आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, 30 मिलिअँपियरचा असतो, यावरून ही बेरीज किती जड आहे ते लक्षात यावे. म्हणून रॅक उभा राहिला की अर्थ आधी जोडायचा आणि काढताना सगळ्यात शेवटी. हे मला कुणी शिकवले नाही, ठेचा खाऊनच कळले.

टेस्टरचेही तसेच. स्क्रूड्रायव्हरसारखा निऑनचा टेस्टर कोरड्या लाकडी शिडीवर उभे राहून लावला, तर लाइन चालू असूनही तो नीट पेटेलच असे नाही. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू लाइनवर तपासावा, मग कामाच्या जागी लावावा, आणि परत चालू लाइनवर तपासावा. याला दोन मिनिटे लागतात. पण आमच्या कामाच्या वेळापत्रकात ती दोन मिनिटे कुणी धरलेलीच नसतात. कारण मालकाची पहिली अट असते, ‘ऑफिस बंद पडता कामा नये.’ या एका वाक्यापायी चालू लाइनशेजारी हात घालावा लागतो, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढचे काम मिळत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. नेटवर्क बसवणाऱ्यांचा उल्लेख सुरक्षा नियमांत नावानिशी करा. वर्क ऑर्डरमध्ये पुरवठा बंद ठेवण्याची वेळ लिहिल्याशिवाय काम सुरू होऊ नये. पाडलेल्या स्विचला काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली त्याच्याच खिशात राहावी. सुपरवायझरच्या टेबलावर नको. चालू लाइनवर काम करायला नकार दिला म्हणून कुणाची मजुरी कापली, तर कापणाऱ्याला दंड व्हावा.

हेल्मेट-हातमोजे वाटपाचे कार्यक्रम होतात, फोटोही निघतात. हातमोजे हवेतच, पण स्विचला कुलूप लागले तर त्यांच्यावर पाळी येणार नाही.

नियमांचा मसुदा लिहिण्याआधी आपल्या अधिकाऱ्यांना एकदा आमच्याबरोबर छतात पाठवा. शिडी मी धरतो. एमसीबीला कुलूप लावून किल्ली त्यांच्या खिशात ठेवू, मगच वर चढवू.

आपला,
नेटवर्क बसवणारा एक कामगार